खताच्या दुकानात मिळणारी कादंबरी

तुमची पुस्तकं कुठं मिळतात, असं कुणी विचारलं आणि मी खरं सांगितलं की माणूस आधी हसतो, मग तोच प्रश्न पुन्हा विचारतो. अंबाजोगाईत मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्याला माझं कृषी सेवा केंद्र आहे. काउंटरच्या मागं औषधाच्या बाटल्यांचं फडताळ, त्याच्या शेजारी सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या पुड्या आणि त्यांना लागून माझ्या कादंबऱ्या. बियाणं, खत आणि कीटकनाशक या तिन्हींचे वेगवेगळे परवाने भिंतीवर लावावे लागतात. कादंबरीला परवाना लागत नाही, हा या सगळ्यातला एकमेव सोपा भाग.

स्वतःची पुस्तकं स्वतः काढणारा लेखक म्हटलं की लोकांना वाटतं, हा माणूस पहाटे उठत असेल, खिडकीतून डोंगर बघत असेल. डोंगर आमच्याकडं आहेत, बालाघाटाचे, चांगले दिसतात. पण जूनमध्ये मला मान वर करायला सवड नसते. मृग लागला की सकाळी शटर उघडायच्या आधीच माणसं पायरीवर बसलेली असतात. सोयाबीनचं बियाणं फुले संगम घ्यावं की एमएयूएस 612, डीएपी खताची गाडी लागली का, मागची बाकी दिवाळीला देतो पण आता चार पिशव्या द्या. या दोन महिन्यांत एक ओळ लिहून होत नाही आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. लिहिणं होतं ते हरभऱ्याची पेरणी उरकल्यावर थोडं, आणि उन्हाळ्यात भरपूर. दुपारी गिऱ्हाईक नसतं, पंखा गरम हवा फेकत असतो, आणि कंपन्यांनी वाटलेल्या जुन्या डायऱ्या आपल्याकडं मुबलक असतात.

लिहायला लागलो तो मात्र ई-पॉस मशीनमुळं. अनुदानाचं खत घ्यायचं तर शेतकऱ्याला त्या मशीनवर आधारचा अंगठा द्यावा लागतो. सर्व्हर बंद पडला की रांग जागच्या जागी थांबते, आणि थांबलेली माणसं बोलायला लागतात. भावानं बांध कसा कोरला, ऊसतोडीच्या मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देताना काय हिशोब लावला, जावई कसा पुण्यात कंपनीत आहे पण फोन उचलत नाही. एकदा एका म्हाताऱ्याचा अंगठा काही केल्या उमटेना. मी म्हटलं, तात्या, बोट जरा पुसा. त्यांनी धोतराला बोट पुसलं, परत ठेवलं, परत लाल दिवा. तर म्हणाले, ‘साठ वर्सं माती उकरली मालक, रेघा कुठून ऱ्हातील बोटावर?’ मागची सगळी रांग हसली, तेही हसले. दुसऱ्या बोटानं काम झालं, गोणी घेऊन गेले. मी ते वाक्य विसरायच्या आत पावतीच्या मागं लिहून ठेवलं.

अशा पावत्यांचा एक डबा भरला तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट यायला लागली. कथा-कादंबऱ्यांमधला आमच्या भागातला शेतकरी बहुतेक वेळा दोनच कामं करतो, आभाळाकडं बघतो नाहीतर झाडाच्या फांदीकडं. दुःख खोटं आहे असं मी म्हणत नाही. ज्यांच्या खात्यावर आता कुणी येणार नाही अशी पानं माझ्याही वहीत आहेत. पण काउंटरवर उभा राहणारा माणूस पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, शेजाऱ्याच्या कापसावर जळतो, पोराच्या लग्नाच्या बढाया मारतो आणि उधारी बुडवतानासुद्धा असा विनोद करतो की आपल्याला रागावता येत नाही. तो माणूस मला छापलेला हवा होता. दुसरं कुणी लिहीना, म्हणून मी लिहिलं. यापेक्षा मोठी प्रेरणा माझ्याकडं नाही आणि इतरांकडंही असते का, याची मला शंका आहे.

पहिली कादंबरी लिहून झाल्यावर सगळे करतात तेच केलं. टंकलिखित प्रती मोठ्या शहरांतल्या प्रकाशकांना पाठवल्या. काहींचं उत्तरच नाही, काहींचं ‘आमच्या यादीत बसत नाही’ असं सभ्य पत्र. एकानं फोन केला. लेखन आवडलं म्हणाला, ‘फक्त निम्म्या प्रती तुम्ही विकत घ्या, ते आगाऊ द्या.’ आता मी धंदेवाला माणूस. खताच्या कंपन्या युरियाच्या गाडीबरोबर न खपणारा माल गळ्यात मारतात, त्याला आम्ही लिंकिंग म्हणतो. ते मी ओळखतो. पैसे माझे, विक्री माझी, तर पुस्तकावर नाव तरी दुसऱ्याचं कशाला?

पण राग हे काही कारण नव्हतं. समजा त्या यादीतल्या सगळ्यात नामांकित प्रकाशकानं पुस्तक काढलं असतं, तर ते कुठं मिळालं असतं? पुण्याला, मुंबईला, नाशिकला, फार तर संभाजीनगरच्या दोन-तीन दुकानांत. आमच्या तालुक्याच्या बाजारात पुस्तकाची दुकानं आहेत, तिथं वह्या मिळतात, गाइड मिळतात, स्पर्धा परीक्षेचे जाडजूड ठोकळे मिळतात. ज्या माणसांवर मी लिहिलं ती या दुकानांत पोराची वही घ्यायला जातात आणि कादंबरीसाठी पुण्याला जात नाहीत. ती माझ्याकडं येतात, वर्षातून चार वेळा, नक्की. मग पुस्तकानं त्यांच्याकडं यायचं तर रस्ता माझ्याच दुकानातून जातो. वितरकाच्या नकाशावर केज, धारूर, रेणापूर नसेल; माझ्या उधारीच्या वहीत या सगळ्या गावांची पानं आहेत.

तसं बघितलं तर अंबाजोगाईत लिहिणाऱ्यानं प्रकाशकाची वाट बघावी हेच चमत्कारिक. मुकुंदराजांचा विवेकसिंधु शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानतात. त्यांची समाधी इथंच आहे. आणि संतकवी दासोपंत (1551 ते 1615) तर आमच्या गल्लीतले असल्यासारखेच. गीतेवरच्या त्यांच्या गीतार्णवाच्या ओव्या सव्वा लाख. पंचीकरण हा ग्रंथ तर त्यांनी कापडावर लिहिला, सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद पासोडीवर. लहानपणी ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला अध्यात्म काही कळलं नाही, एवढंच कळलं की या माणसाला लिहायचंच होतं. एवढं लिहिणाऱ्याला ‘सध्या बाजारात काय चालतं’ असं कुणी विचारलं नसणार.

आणि परभणीचे बी. रघुनाथ. भगवान रघुनाथ कुलकर्णी, जन्म 1913 चा, गाव सातोना. निजामाच्या राज्यात, जिथं सरकारी कारभार उर्दूत चालायचा, तिथं बांधकाम खात्यात कारकुनी करता करता या माणसानं मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या. 1953 मध्ये गेले तेव्हा वय चाळीस. नोकरी-धंद्यामुळं लिहायला वेळ मिळत नाही असं कुणी म्हणायला लागलं की मी फक्त त्यांचं नाव घेतो आणि विषय बदलतो.

आता छपाईचं. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. डेमी आकार घ्यायचा, 16 पानांचा एक फॉर्म, म्हणजे दहा फॉर्मचं पुस्तक 160 पानांचं. आत 70 जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) नॅचरल शेड कागद, कव्हरला 300 जीएसएमचं आर्ट कार्ड. तीनशेच्या आसपास प्रती असतील तर आधी डिजिटल आणि ऑफसेट दोन्हीचे दर काढायचे, मग ठरवायचं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्या देशात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडं लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. ‘आयएसबीएन काढून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावावं. आणि एक गोष्ट लेखक हमखास विसरतात. स्वतः प्रकाशक झालात की 1954 चा कायदा तुम्हालाही लागू होतो. पुस्तक निघाल्यापासून 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यातल्या इतर ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. ते पार्सल करताना आपण उगीचच थोडे ताठ बसतो.

यातलं सगळ्यात किचकट काम मुद्रितशोधनाचं. माझे मुद्रितशोधक निवृत्त शिक्षक, अतिशय काटेकोर. पहिलं प्रूफ परत आलं तेव्हा संवादांवर पानोपान लाल शाई. ‘काय करलालाव?’ खोडून ‘काय करत आहात?’, ‘कामून’ खोडून ‘कशासाठी’. माझ्या कादंबरीतला मुकादम एकदम आकाशवाणीवरून बोलायला लागला. मी गुरुजींकडं गेलो, त्यांच्या ओट्यावर बसून एक प्रकरण मोठ्यांदा वाचून दाखवलं, एकदा माझं, एकदा त्यांचं. आतून काकू म्हणाल्या, ‘अहो, पयलंच बरं हाय की. तुमी सोता तसंच तर बोलतावं.’ गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि निवेदनातल्या ऱ्हस्व-दीर्घावर तेवढा हक्क राखून ठेवला. तो करार आजपर्यंत टिकलाय.

काकूंच्या त्या एका वाक्यावरून मला एक सवय लागली. छापायच्या आधी प्रकरण त्या विषयातल्या माणसाला वाचून दाखवायचं. साहित्यातल्या नव्हे, त्या कामातल्या. ऊसतोडीवरची कादंबरी मी धारूरकडच्या एका म्हाताऱ्या मुकादमाला वाचून दाखवली, पाच-सहा बैठकांत. ते डोळे मिटून ऐकायचे, मध्येच हात वर करायचे. गाडी सेंटरचा कोयता आणि डोकी सेंटरचा कोयता यांचा दिवस एकसारखा नसतो, हे मला ऐकून माहीत होतं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. गाडीवाले बैलगाडीनं कारखान्यापर्यंत ऊस नेतात, डोकीवाल्यांना ट्रक भरून द्यावा लागतो. पण ट्रक भरताना काय होतं ते त्यांनी सांगितलं. रात्री-अपरात्री ट्रक फडात येतो. झोपलेल्या बाया उठून डोक्यावर मोळी घेतात आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढतात. फळी दवानं ओली असते. म्हणून पुढची बाई चढताना पायाची बोटं आत वळवून फळी धरते, आणि मागची तिच्या बोटांकडं बघत चढते. ‘तोंडाकडं कुणीच बघत न्हाई,’ ते म्हणाले. ‘तुमी तोंड लिवलंय. पाय लिवा.’ इतकं नेमकं संपादन मला पैसे देऊन कुठं मिळालं असतं? आणि ते मुकादम फक्त सही करतात, वाचत नाहीत.

पुस्तक छापून आलं की दुसरा अध्याय सुरू होतो आणि तो लिहिण्यापेक्षा अवघड आहे, कारण तिथं तोंड उघडून पैसे मागावे लागतात. आमच्याकडं लेखकानं पुस्तक विकणं थोडं कमीपणाचं समजतात. सोयरे म्हणतात, ‘एक प्रत सही करून द्या की.’ साहेब म्हणतात, ‘ऑफिसात ठेवून जा, वाचतो.’ सत्कारात शाल, नारळ आणि त्याच कार्यक्रमात पाहुण्यांना आपलीच दहा पुस्तकं भेट. मी सुरुवातीलाच ठरवलं होतं की फुकट प्रत फक्त कायद्यानं लागणाऱ्या ग्रंथालयांना आणि परीक्षण करतो असं ज्याच्याकडून लिहून घेतलंय अशा परीक्षणकर्त्याला. सख्ख्या मेव्हण्यालाही पावती फाडली. दोन महिने बोलला नाही, पण पुस्तक वाचून बोलायला आला आणि भांडला, कारण त्यात त्याच्यासारखा एक माणूस आहे असा त्याचा समज झाला. फुकट दिलं असतं तर उघडलंही नसतं.

हिशोबही ऐकून ठेवा. छपाईला प्रतीमागं जो खर्च आला त्याच्या तिप्पट-चौपट छापील किंमत ठेवतात, ती हावरेपणानं नाही. समजा 200 रुपये ठेवली. वितरक आणि विक्रेता मिळून 40 ते 50 टक्के मागतात, म्हणजे हातात 100 ते 120. त्यात छपाई, टपाल, खराब झालेल्या प्रती. वाचनालयं सवलत मागतात, ती द्यावी, पण त्यांचे पैसे अनुदान आल्यावर येतात आणि अनुदान कधी येतं हे ग्रंथपालालाही माहीत नसतं. काउंटरवर मी 200 चं पुस्तक 160 ला देतो, आणि या सगळ्यात तीच विक्री मला परवडते. टपालाचं तर विचारू नका. रजिस्टर्ड बुक पोस्टची स्वस्त सोय डिसेंबर 2024 मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशक अक्षरशः हबकले होते. मे 2025 पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, तेव्हा जरा जीवात जीव आला.

उदगीरला एप्रिल 2022 मध्ये 95 वं अखिल भारतीय साहित्य संमेलन भरलं तेव्हा एका मित्राच्या गाळ्यात अर्धं टेबल घेऊन बसलो होतो. ऊन असं की कव्हरची कडा वाकायला लागली. माणसं खूप, फोटो त्याहून खूप. पुस्तक उचलायचं, उलटायचं, किंमत बघायची, खाली ठेवायचं. देगलूरकडची एक कॉलेजची मुलगी मात्र टेबलाला टेकून उभ्यानं वीसेक पानं वाचत राहिली. मैत्रिणी ओढायला लागल्या तेव्हा तिनं विचारलं, ‘काका, हे तुम्हाला कुणी सांगितलं?’ कुठला प्रसंग ते मी सांगत नाही. मुलीनं पैसे मोजून दिले, सुटे नव्हते तर दहाची नोट सोडायला तयार होती. मी तिला सुटे आणून दिले. पैशाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चोख असावं.

आणि उधारी. सोयाबीनच्या हंगामात एका गिऱ्हाइकानं डीएपीच्या गोणीबरोबर कादंबरी उचलली. ‘मालक, हे बी मांडा.’ मी वहीत मांडलं: डीएपी 1350, पुस्तक 160. दसऱ्यानंतर मोंढ्यात माल घालून आडत्याची विक्रीची पट्टी खिशात घेऊनच ते आले. गोणीचे पैसे मोजले, पुस्तकाचे मोजताना थांबले. म्हणाले, ‘शेवटचं पटलं न्हाई. ती बाई परत कामून गेली फडावर?’ मी म्हटलं, उचल फिटली नव्हती ना. ‘फिटली नसंल. पर तिचा भाऊ व्हता की. म्या असतो तर धाडलं नसतं.’ आम्ही अर्धा तास त्या बाईवर बोललो, ती खरी असल्यासारखं. मागं दोन माणसं फवाऱ्याच्या नोझलसाठी ताटकळत उभी होती, तीही मध्ये पडली. मग त्यांनी 160 रुपये ठेवले. सूट मागितली नाही. गोणीला मात्र 20 रुपये कमी करून घेतले.

दुकानात हल्ली लिहिणारी पोरं येतात. लातूरला क्लास लावलेली, भरतीची तयारी सोडलेली, डी.एड. होऊन घरी बसलेली. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये कविता असतात आणि त्यांना लगेच संग्रह काढायचा असतो. मी त्यांना नाउमेद करत नाही, पण घाईही करू देत नाही. पन्नास कवितांतल्या दहा कुणाच्या तोंडी राहतात का ते आधी बघा म्हणतो. मसापच्या, म्हणजे मराठवाडा साहित्य परिषदेच्या, शाखेत जा, वाचा, लोकांच्या जांभया मोजा. ज्या पुरस्काराला प्रवेशशुल्क आहे तो पुरस्कार नाही, पावती आहे. पहिलंच पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानाला हस्तलिखित पाठवा. मिळालं तर उत्तम, नाही मिळालं तर निदान सुवाच्य प्रत तयार होते. घरच्यांचं सोनं गहाण ठेवून कुणी पुस्तक काढू नये, हे मात्र मी अगदी रागावून सांगतो, कारण तसा एक मुलगा मी बघितलाय.

आणि आपल्या कामावर लिहा. एकजण लोणावळ्यातल्या बंगल्यावरची रहस्यकथा घेऊन आला होता. स्वतः मात्र जिनिंगमध्ये रात्रपाळी करतो. मी विचारलं, कापसाचा ढीग आतून कसा तापतो रे? तर हा दीड तास बोलत होता, ओल किती असली की धोका, रात्री वास कसा येतो, पहिल्यांदा आग लागली तेव्हा कोण कुठं पळालं. बोलून झाल्यावर म्हणाला, ‘पण हे कोण वाचणार काका?’ मी त्याला कंपनीची एक कोरी डायरी दिली. परवा आला होता, साठ पानं भरलीत. लोणावळ्याचं नाव काढलं नाही. दोन प्रकरणं चांगली आहेत, तिसऱ्यात त्यानं उगीच एक प्रेमप्रकरण घुसडलंय, त्यावर आमचं अजून एकमत नाही.

तुमच्याकडंही असं काही लिहिलेलं असेल तर घेऊन या, मी ऐकतो. मोंढ्याच्या रस्त्याला कुणालाही विचारा. उन्हाळ्यात दुपारी दोन ते पाच सगळ्यात चांगलं, चहा माझ्याकडून. मृगाच्या आठवड्यात मात्र येऊ नका. आलातच तर आधी पिशव्या उतरवून घ्यायला हात लावावा लागेल.